पानसुपारीचा परवाना

वाचनालयाचा दिवाणखाना खासगी कामासाठी कोणाला, कधी आणि कोणत्या रीतीनं द्यावा, याचे नऊ नियम मी लिहिले होते. तेव्हा मी मामलेदार कचेरीत कारकून होतो, वय सव्वीस-सत्तावीस, आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीस. अक्षर वळणदार आणि संध्याकाळ मोकळी, एवढ्या लायकीवर ते काम माझ्याकडे आलं. नियम अजून तिथं भिंतीवर चौकटीत टांगलेले आहेत. शाई तांबूस पडली आहे, पण वाचता येतात. वर्तमानपत्र बघायला मी रोज जातो आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. लोकांना वाटतं, मला खिडकीचा उजेड लागतो.

मी कमी बोलणारा माणूस. कमी बोलण्याचा एक फायदा असतो, लोक तुम्हाला सरळ समजतात. माझी बायकोही बावीस वर्षं मला सरळ समजत होती. ते कसं आणि का, एवढंच इथं लिहायचं आहे. घरात आम्ही अहिराणी बोलतो. तिला तिच्या माहेरची गुजरातीही मधूनमधून लागते. लिहिताना तिचं बोलणं माझ्या हातून शाळेच्या मराठीत उतरतं, त्याला इलाज नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात शंभर माणसं एका छपराखाली बसतील अशी जागा त्या काळी एकच, वाचनालयाचा दिवाणखाना. त्यामुळे जो तो तिथं येई. कोणाचं वऱ्हाड उतरे, कोणा वकिलाचा सत्कार, कोणी काशीहून आला म्हणून पानसुपारी, कोणी गेला म्हणून शोकसभा. आधी सगळं तोंडी चाले. मग एकदा म्हसावदकडचं एक वऱ्हाड उतरलं आणि त्यातल्या हौशी मंडळींनी कपाटातली जाड बांधणीची पुस्तकं काढून वारा घ्यायला वापरली. तेही चाललं असतं. पण पान खाऊन उरलेला बोटांचा चुना त्यांनी पानांच्या कडांना पुसला. दुसऱ्या दिवशी मी एकेक पान नखानं खरवडत बसलो होतो. त्या रागात पाचवा नियम लिहिला गेला: खासगी वापर चालू असेतोवर सर्व कपाटं कुलूपबंद राहतील.

नियम वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन.

परवान्याचं पुस्तक मी छापून आणलं. एका पावतीत अर्जदाराचं नाव, कारण, वार, वेळ. खाली दोन ओळी. एक चिटणिसानं सही करायची: कपाटं बंद केली. दुसरी जागा घेणाऱ्यानं करायची: दिवाणखाना व कपाटं जशी दिली तशी परत केली. त्या पावतीचा मला अभिमान होता. मी घरी नेऊन बायकोला दाखवली. तिनं नऊ नियमांचा कच्चा कागदही वाचला होता आणि "तिसऱ्यात दोनदा 'सदरहू' आलंय" असं सांगून एक काढायला लावलं होतं.

ती बडोदा संस्थानाच्या हद्दीतली, सोनगडच्या बाजूची. तिकडे मुलींना शाळा सक्तीची होती, खेड्यापाड्यांत वाचनालयं निघाली होती, आणि तिच्या गावच्या वाचनालयात आठवड्यातून एक दुपार बायकांची असे. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "इथं बायकांचा वार कोणता?"

"इथं तसं नाही."

"मग कसं आहे?"

मी तिच्यासाठी पुस्तकं घरी आणू लागलो. माझ्या नावावर दर आठवड्याला एक. ती ती वाचायची, मन लावून वाचायची, आणि परत देताना कधी हसून म्हणायची, "तुम्ही आणता ते मी वाचते. पण निवडता तुम्ही." मी ते कौतुक समजत असे.

वाचनालयाची पुस्तकं बांधायला मागच्या गल्लीतले एक मुसलमान जिल्दसाज होते. काम नावाला त्यांचं. खळ शिजवणं, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालणं, फर्म्यांची शिलाई घालणं, हे सगळं त्यांची बायको करी. तिच्या हातचा दोरा कधी सुटला नाही. पण तिला अक्षर येत नव्हतं. पानं मागंपुढं होऊ नयेत म्हणून जिल्दसाज लावून देत आणि ही शिवत असे. माझ्या बायकोची आणि तिची गट्टी जमली ती पाण्याच्या वाटेवर. पुढे दुपारची ती आमच्याकडे येऊन बसू लागली. पुस्तकाच्या पाठीला आतून लावायला रद्दीचे छापील कागद असत, त्यावरच माझ्या बायकोनं तिला अक्षरं शिकवली. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. शेजारची एक विधवा काकू, कचेरीतल्या दोघांच्या बायका, हळूहळू अशा अकराजणी झाल्या. सगळ्यांना वाचता येत होतं असं नाही. पण पुस्तकांच्या कपाटासमोर एकदा तरी बसायचं, असं सगळ्यांच्या मनात तिनं भरवलं होतं.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "तुमच्या नऊ नियमांत बायकांना मनाई कुठे आहे? दाखवा बरं."

मी मनात नऊच्या नऊ फिरवले. कुठेच नव्हती. ती लिहायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"अर्जदार सभासद पाहिजे," मी म्हटलं.

"तुम्ही आहात ना? अर्ज तुमचा, बायका माझ्या."

"कारण काय लिहायचं? हळदीकुंकू?"

"हळदीकुंकू लिहिलं तर काकू गळतील, जिल्दसाजीण गळेल. पानसुपारी लिहा. पुरुष घालतात ना पानसुपारी? आम्ही घालू."

मी हसलो. तीही हसली. मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवत म्हणाली, "फक्त एक कपाट उघडं ठेवा. डावीकडून दुसरं. प्रवासाचं आणि गोष्टींचं. चार कुलुपं लावा, पाचवं विसरा. मी सांभाळते. चुन्याचं बोट कोणी लावणार नाही."

मी म्हटलं, "ठेवीन."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मी हो म्हटलं म्हणजे झालं, असा तिचा हिशेब होता.

चिटणिसानं स्वतःच्या अर्जावर स्वतःच परवाना द्यायचा नाही, हाही माझाच नियम. म्हणून सहीसाठी अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणजे मोठे जमीनवाले, गावभर त्यांना आबा म्हणत. वाचनालयाच्या ओट्यावर पाय हलवत बसून कालचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेणं, हे त्यांचं काम. अर्ज वाचून ते खो खो हसले.

"बायास्नी पानसुपारी? मंग आम्ही काय रांगोळ्या काढसूत?"

आणि लगेच सही केली. वर म्हणाले, "रविवारले दुपारले दिवाणखाना रिकामाच ऱ्हास. बसू द्या त्यास्ले."

रविवारी दोन वाजता मी गेलो. जाजम घातलं, झाडून काढलं. कपाटांना काचेची दारं होती. चार कपाटांना कुलुपं लावली, डावीकडून दुसरं तसंच ठेवलं, एक दार बोटभर उघडंच. मग जाजमाची एक बाजू पुन्हा बाहेर आणून ओट्यावर झटकत होतो तेवढ्यात आबा आले. समोरच्या पानवाल्याकडे दोघं-तिघं उभे होते.

"काय चिटणीस," आबांनी तिथूनच हाक मारली, "बायकोनी परवाना काढा आनि तुम्ही जाजम झटकी ऱ्हायनात?"

पानवाला हसला. उभे होते ते हसले. त्यातला एक माझ्याच कचेरीतला शिपाई होता.

बस, एवढंच झालं. ह्याहून मोठं कारण मी बावीस वर्षं शोधलं, सापडलं नाही. कोणी मला धमकावलं नाही, कमिटी आड आली नाही, धर्म आड आला नाही. चार माणसं हसली.

मी जाजम आत नेलं, अंथरलं, आणि डावीकडून दुसऱ्या कपाटाचं दार ओढून कुलूप लावलं. नुसतं लावलं नाही. बाहेर ऐकू जाईल असं, किल्ल्यांचा जुडगा वाजवून लावलं. म्हणजे ओट्यावरच्या मंडळींना कळावं की चिटणीस अजून चिटणीसच आहे. मग पावतीवर सही केली: कपाटं बंद केली.

तीन वाजता बायका मागच्या गल्लीनं आल्या. माझी बायको सगळ्यांच्या पुढे. तिनं नवं लुगडं नेसलं नव्हतं, पण धुवट, कडक घडीचं होतं. दारात तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पावतीच्या पुस्तकात पाहिलं.

खासगी वापर चालू असता चिटणिसानं ओट्यावर हजर राहावं, हा आठवा नियम. मी ओट्यावर बसलो. आबा पलीकडे वर्तमानपत्र घेऊन. मधलं दार लोटलेलं, पण त्याची फट मोठी आणि माझे कान चांगले.

आधी पैंजणं-बांगड्यांचा आवाज, बसण्याउठण्याचा. मग एक खडखड. कोणीतरी कपाटाची कडी हलवून पाहिली असावी. एक बाई म्हणाली, "दुकान बंद शे व बाई, नि आपन गिऱ्हाईक दारमा!" दोघी-तिघी हसल्या. मी वाट बघत होतो की आता ती बाहेर येईल, किल्ली मागेल. आली असती तर मी काय केलं असतं, देव जाणे.

ती आली नाही. तिचा आवाज आला, अगदी नेहमीचा, "काचेतून दिसतंय ना? मग झालं. या इकडे."

आणि ती पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचू लागली. एकेक. वरच्या फळीपासून. कोणत्या पुस्तकात काय आहे हे तिला ठाऊक होतं, तिथं दोन वाक्यं सांगायची. मी घरी आणलेली ती सगळी पुस्तकं होती. जे मी कधी आणलं नव्हतं, तिथं नुसतं नाव वाचून पुढे जायची. त्या नुसत्या नावांची संख्या बरीच होती. तोवर मला वाटायचं, मी तिला सगळं वाचनालय घरी आणून दिलं आहे.

मग जिल्दसाजांच्या बायकोचा आवाज आला.

"भाभी, ये कपडा तो हमारे घर का है. ये भी. इसकी सिलाई मैंने डाली. ठैरो, इसका नाम तुम मत बोलो, मैं बोलती."

ती एकेक अक्षर लावू लागली.

"प... प्र. प्र, वा... स. प्रवास! बोले तो सफर ना, भाभी?"

"हो ग. सफर."

"तो अंदर कहाँ कहाँ जाता है ये सफर?"

ते पुस्तक मी कधी घरी नेलं नव्हतं. माझी बायको म्हणाली, "ते आत लिहिलेलं असेल."

मी ओट्यावर बसून ते ऐकलं. जुडगा माझ्या कोटाच्या खिशात, मांडीला टोचत होता. आबांनीही ऐकलं असावं, कारण त्यांचं मोठ्यानं वाचणं केव्हाच थांबलं होतं. साडेचारच्या सुमारास ते उठले, जोडे घातले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कपाट काबर बंद ठेवात रे? बाया काय पानं खाई जातीन?"

"नियम शे, आबा."

"नियम तुन्हाच शे ना रे," असं म्हणून ते गेले.

परवाना पाचपर्यंत होता. अजून अर्धा तास होता. मी उठून आत जाऊ शकत होतो. पण मग आधी का नाही उघडलं, हे अकरा बायकांसमोर सांगावं लागलं असतं. मी बसून राहिलो.

पाच वाजता बायकोनं पावतीवर सही केली. दिवाणखाना व कपाटं जशी दिली तशी परत केली. ती ओळ तिनं दोनदा वाचली, मग सही केली.

घरी आल्यावर तिनं एकच शब्द विचारला, "किल्ल्या?"

"आबांनी मागून घेतल्या," मी म्हटलं. "ऐनवेळी."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तुम्ही कशाला असं कराल?"

खोटं बोलायला जेवढा वेळ लागला त्याहून तिला ते खरं मानायला कमी लागला. पुढच्या आठवड्यात मी ते प्रवासाचं पुस्तक घरी आणलं. तिनं हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं आणि परत दिलं. "आता नको. ते तिथं उघडायचं होतं. आम्ही दोघींनी." वर्षाच्या आत जिल्दसाजांचं बिऱ्हाड सुरतेकडे गेलं. त्या बाईनं किती पुस्तकं शिवली असतील याची गणती नाही. आमच्या वाचनालयातलं एकही तिच्या हातून तिथं उघडलं गेलं नाही. त्याची भरपाई आता माझ्या हातात नाही, कोणाच्याच नाही.

माझ्या बायकोनं परवान्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मी पुस्तकं आणत राहिलो, ती वाचत राहिली. पण निवडता तुम्ही, असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही, आणि ते हसणंही गेलं. आणि आबा तिच्या मनातून उतरले. ते घरी आले तर पाणी बाहेर यायचं, चहा नाही. आबा एकदा मला म्हणाले, "वहिनीस्ना काय राग शे मन्हावर?" मी म्हटलं, "नाही हो, तिचा स्वभावच तसा." त्या दोघांच्या मध्ये मी भिंत घातली आणि दोन्हीकडून तिला टेकून उभा राहिलो. आबांनी मला कधी उघडं पाडलं नाही. पाडण्यासारखं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ती गोष्ट त्याच दिवशी संपली होती.

गेल्या हिवाळ्यात आबा वारले. आमच्याकडे कोणी गेलं की दारावर जायचं असतं. पुरुषांनी पुरुषांत बसायचं, बायकांनी बायकांत. मी तयार झालो. ती अंगणात सुकलेल्या लाल मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

"चल," मी म्हटलं.

"तुम्ही या जाऊन. अकरा बायका दारात उभ्या असताना ज्यानं किल्ल्या काढून घेतल्या, त्याच्या दारावर मी बसणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. म्हणून तर जातही नाही."

मी पायातले जोडे काढले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आबांना आता सफाई देता येणार नव्हती. मी बोललो नसतो तर ते माझं ओझं घेऊनच गेले असते.

सगळं सांगितलं. शिपायाचं हसणं, जुडगा वाजवणं, साडेचारला आबा काय म्हणाले ते, उरलेला अर्धा तास. सांगायला फार वेळ लागला नाही. ती देठ खुडत होती. मध्येच तिला सटासट शिंका आल्या, मग मलाही. दोघांच्या डोळ्यांना पाणी. मिरचीच तशी तिखट होती, त्यामुळे कोणाचं पाणी कशाचं हे मी ओळखू शकलो नाही.

पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "ओट्यावर तुम्हाला ऐकू येत होतं?"

"हो."

"ती अक्षरं लावत होती, ते?"

"हो."

तिनं टोपली उचलली आणि आत गेली. थोड्या वेळानं डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि आबांच्या घरी गेली. पुरुषांत मी बसलो होतो, तिथून ती दिसत नव्हती. नंतर आबांच्या सुनेनं सांगितलं की तुमच्या घरच्या काकू आमच्या सासूबाईंचा हात धरून सगळ्यांत शेवटपर्यंत बसल्या होत्या.

मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, जुनं झालं. ती तसं म्हणाली नाही. तिला राग आला होता, ताजा, कालच घडल्यासारखा, आणि तो तिनं लपवला नाही. चार दिवस भाकरी, पाणी, अंथरूण सगळं वेळेवर, बोलणं कामापुरतं. तिसऱ्या दिवशी एकदाच म्हणाली, "बावीस वर्षं मी आबांवर रागावले. तो राग वाया गेला. आता तुमच्यावर नव्यानं रागवायचं, तर तेवढं वय राहिलंय का माझं?" पाचव्या दिवशी मी ओलं धोतर तिच्या वाळत घातलेल्या पापडांवर टाकलं आणि ती मला अशी काही बोलली की शेजारीण डोकावली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तशीच बोलत राहावी म्हणून मी ते धोतर उचलायला जरा उशीरच केला.

त्यानंतरच्या आठवड्यात ती एकटी वाचनालयात गेली आणि वर्गणी भरून सभासद झाली. स्वतःच्या नावानं. अमक्याची बायको म्हणून नाही. मला कळलं ते आताच्या चिटणिसाकडून. तो तरुण वकील आहे, मला काका म्हणतो. एका संध्याकाळी तो हातात कागद घेऊन घरी आला.

"काका, काकूंचा अर्ज आलाय. दर गुरुवारी तीन ते पाच, कारण वाचन, बायका आठ. ते सगळं ठीक. पण त्यांनी लिहिलंय, कपाटं उघडी ठेवावीत, जबाबदारी माझी. हे पाचव्या नियमात अडतं. नियम तुमचे. काढा काहीतरी वाट."

कारकुनी डोकं लगेच चालू लागलं. मी म्हटलं, "त्या सभासद आहेत, वाचायला येणार. हा खासगी वापरच नाही. परवाना लागतोच कशाला?"

आतून आवाज आला, "परवानाच पाहिजे. लेखी. उद्या कोणी बदललं तर बायकांच्या हातात कागद असू द्या."

चिटणीस माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, "मग पाचव्याखाली एक ओळ वाढवा. कारण वाचन असेल तर कपाटं उघडी राहतील."

"ती ओळ तुम्हीच लिहा ना, काका. जुन्या अक्षराशी जुळेल. मी चौकट उतरवून आणतो."

माझ्या मनात ते आलंच होतं. खरं सांगतो, मी दौतीकडे पाहिलंही. तेवढ्यात ती उंबऱ्याशी आली. चिटणिसाला म्हणाली, "त्यांच्या हातानं नको, बाबा. तूच लिही." आणि चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. मग दुसरा माझ्यापुढे.

कमिटीत ते मंजूर झालं. त्याचं अक्षर तिरपं आहे. पाचव्या नियमाखाली ती ओळ अगदी उपरी दिसते, म्हणतात. मी अजून मान वळवून पाहिलेली नाही.

पहिल्या गुरुवारी ती अडीचलाच निघाली. चष्मा, रुमाल, परवान्याचा कागद.

"पोचवायला येऊ?" मी विचारलं.

"वाट माहीत आहे मला. दूध तापत ठेवलंय, ते बघा."

मी दूध बघत बसलो. वेळ जात नव्हता. चार वाजता मला वाटलं, चार पावलं जाऊन यावं, ओट्यापर्यंत. मग वाटलं, ओट्यावर बसून मी पुष्कळ ऐकलं आहे. गेलो नाही.

साडेपाचला ती आली. दमली होती. पाय धुतले, चष्मा पुसला. पदराखालून एक पुस्तक काढून तिनं कोनाड्यात ठेवलं. तिच्या नावावर मिळालेलं, तिनं निवडलेलं. मग चूल पेटवायला बसली. मी विचारलं नाही कसं झालं, कोण कोण आल्या होत्या. ते पुस्तक कोणतं आहे हेही मला ठाऊक नाही. कोनाडा माझ्या बसण्याच्या जागेपासून हातभर लांब आहे. दोन दिवस झाले, दुपारची ती ते घेऊन अंगणात बसते आणि वाचता वाचता कधीतरी एकटीच हसते. सांगावंसं वाटलं तर सांगेल.